चूक समोरच्याची, बिल आपल्या हातात: रस्ते अपघातानंतर दवाखान्याचा खर्च भागवायचा आणि वसूल करायचा कसा

ठोकर समोरच्या गाडीने मारली तरी दवाखान्याच्या काउंटरवर डिपॉझिट मागतात ते जखमीच्या घरच्यांकडेच. समोरच्याच्या गाडीचा विमा आहे म्हणजे त्याची विमा कंपनी आपलं बिल भरेल, असा अनेकांचा समज असतो. तसं होत नाही. थर्ड पार्टी विम्याचे पैसे मिळतात ते मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाच्या मार्गाने किंवा कंपनीशी लेखी तडजोड झाल्यावर, आणि त्याला महिने, बऱ्याचदा वर्षं लागतात.

म्हणजे कामं दोन आहेत. आजचं बिल कुठून तरी भागवायचं आणि तोच खर्च पुढे पुराव्यानिशी वसूल करायचा. पहिलं घाईत उरकताना लोक दुसऱ्याचं नुकसान करून बसतात, म्हणून खालच्या पायऱ्या दोन्हींचा विचार करून दिल्या आहेत. मोटार वाहन कायदा केंद्राचा असल्यामुळे दाव्याचा भाग महाराष्ट्र आणि गोवा दोन्हीकडे लागू होतो. आरोग्य योजना आणि धर्मादाय दवाखान्यांचा भाग महाराष्ट्रापुरता आहे.

पहिले काही तास

१०८ला फोन लावा. ही अॅम्ब्युलन्स फुकट असते. सोबत ११२वर पोलिसांनाही कळवा, कारण पोलिसांकडे अपघाताची नोंद नसेल तर पुढच्या जवळपास प्रत्येक टप्प्यावर अडतं.

जखमीला आणल्यावर आधी पोलीस केस करा, मग बघू, असं दवाखान्याला म्हणता येत नाही. कायदेशीर सोपस्कारांची वाट न पाहता उपचार सुरू करणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ने डॉक्टरवर टाकलेलं कर्तव्य आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८९मध्ये परमानंद कटारा प्रकरणात तेच सांगितलं. जखमीला उचलून आणणाऱ्या अनोळखी माणसालाही कलम १३४-अ मुळे संरक्षण आहे. त्याला साक्षीदार व्हायची सक्ती नाही. स्वतःहून नाव आणि फोन नंबर देत असेल तर मात्र जरूर घ्या.

आता एक गोष्ट, जिच्याकडे बहुतेकांचं लक्ष नसतं. कॅज्युअल्टीतला डॉक्टर केसपेपरवर अपघात कसा झाला ते एका ओळीत लिहितो. घाबरलेला नातेवाईक म्हणतो, ‘गाडीवरून पडला.’ डॉक्टर लिहितो, ‘दुचाकीवरून पडून दुखापत.’ दीड-दोन वर्षांनी विमा कंपनीचा वकील तीच ओळ न्यायाधिकरणासमोर वाचतो आणि म्हणतो, यात दुसरी गाडी कुठे आहे? म्हणून डॉक्टरला नीट सांगा: अमुक ठिकाणी, अमुक वाजता, अमुक प्रकारच्या गाडीने मागून किंवा समोरून धडक दिली. गाडीचा नंबर माहीत असेल तर तोही लिहायला सांगा. नोंद चुकली असेल तर त्याच दिवशी दुरुस्त करून घ्या. डिस्चार्जच्या वेळी केलेल्या दुरुस्तीकडे सगळेच संशयाने बघतात.

दवाखान्याने ही केस मेडिको-लीगल (एमएलसी), म्हणजे पोलिसांना कळवायची केस, म्हणून नोंदवली का ते विचारा आणि एमएलसी नंबर लिहून घ्या. खासगी नर्सिंग होममध्ये ‘कशाला पोलिसांचं लफडं’ म्हणून ही नोंद टाळायचा सल्ला मिळू शकतो. तो ऐकू नका.

घटनास्थळी कोणी असेल तर त्याने फोटो काढावेत: नंबरप्लेट, दोन्ही गाड्या हलवण्यापूर्वीची जागा, ब्रेकच्या खुणा, जवळच्या दुकानांचे कॅमेरे. फुटेज अनेक ठिकाणी काही दिवसांतच आपोआप पुसलं जातं, तेव्हा दुकानदाराला लगेच भेटा. गाडीचा नंबर हाती असेल तर एम-परिवहन अॅपवर नोंदणीची माहिती आणि विम्याची मुदत दिसते.

समोरचा माणूस ‘जागेवर मिटवू’ म्हणतो, पाच-दहा हजार काढतो आणि ‘माझी काही तक्रार नाही’ असं लिहून मागतो. सही करू नका. त्या क्षणी साधा मुका मार वाटलेली दुखापत रात्री एमआरआयमध्ये लिगामेंट तुटल्याची निघू शकते. पहिल्या दिवसाच्या उपचारासाठी तो रोख देत असेल तर घ्या, पण पावतीवर ‘उपचारासाठी उचल’ एवढंच लिहा. ‘पूर्ण व अंतिम’ हे शब्द नकोत.

डिपॉझिटचे पैसे कुठून आणायचे

खाली दिलेल्या क्रमाने विचारत जा, आणि रोखीचा पेशंट म्हणून अॅडमिशनचा फॉर्म भरण्याआधी विचारा. एकदा रोखीत नोंद झाली की योजनेत बदलून देताना काउंटरवरच्या माणसाचा उत्साह संपलेला असतो.

पहिला पर्याय केंद्राची रस्ते अपघातग्रस्तांसाठीची कॅशलेस उपचार योजना. कलम १६२खालची ही योजना मे २०२५मध्ये अधिसूचित झाली. अपघाताच्या दिवसापासून ७ दिवसांपर्यंत, दर जखमीमागे १.५ लाख रुपयांपर्यंतचा उपचार नेमलेल्या दवाखान्यात होतो. उत्पन्नाची किंवा रेशनकार्डाची अट नाही, चूक कोणाची हेही विचारलं जात नाही. अपघात मोटार वाहनामुळे झालेला हवा. नेमलेला नसलेल्या दवाखान्यात पेशंट स्थिर होईपर्यंतच्या उपचारालाच ती लागू होते. अपघात खरंच झाला याला पोलिसांकडून ऑनलाइन दुजोरा लागतो, तेव्हा ११२चा तो फोन इथे उपयोगी पडतो. काउंटरवर ‘अशी काही योजना नाही’ असं ऐकू आलं तर तेवढ्यावर परत फिरू नका. बिलिंग विभागाचा प्रमुख किंवा दवाखान्याचा प्रशासक गाठा.

दुसरा पर्याय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. आता ती राज्यातल्या सर्व रेशनकार्डधारक कुटुंबांसाठी आहे, पांढऱ्या कार्डासह, आणि संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. योजनेतल्या दवाखान्यात ‘आरोग्यमित्र’ बसतो, आधी त्याच्याकडे जा. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर मंजुरी अडते. घरून कागद मागवताना दोन्ही एकदम मागवा. यादीतल्या ठरलेल्या शस्त्रक्रिया आणि उपचारांनाच ही योजना लागू आहे. ‘योजनेतली हाडात बसवायची प्लेट हलकी, चांगली हवी तर वरचे पैसे द्या’ असं कोणी म्हणालं तर ते लेखी मागा. लेखी सहसा मिळत नाही, आणि मागणीही बंद होते.

तिसरा, धर्मादाय दवाखाना. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१-अअ खाली येणाऱ्या दवाखान्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी १.८० लाख आणि दुर्बल घटकांसाठी ३.६० लाख रुपये आहे. पुण्या-मुंबईतली बरीच मोठी, काचेची दारं असलेली रुग्णालयं कागदोपत्री धर्मादाय आहेत, हे बाहेरून कळत नाही. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड द्या. जिवावर बेतलेल्या वेळी अशा दवाखान्याने डिपॉझिटसाठी न अडवता पेशंट स्थिर करायचा असतो. नकार मिळाला तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे तक्रार करता येते.

चौथा, स्वतःचा मेडिक्लेम. ‘चूक त्याची, मग माझा विमा का वापरू?’ हा विचार महाग पडतो. वापरा. अपघाताला नव्या पॉलिसीतली सुरुवातीची ३० दिवसांची प्रतीक्षा लागू नसते. विमा नियामकाच्या २०२४च्या परिपत्रकानुसार कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची आहे. खोलीच्या भाड्याची मर्यादा तपासा: पॉलिसीत दिवसाला ४,००० असेल आणि तुम्ही ८,०००ची खोली घेतलीत, तर बऱ्याच पॉलिसींमध्ये फक्त खोलीचे नाही, सर्जनची फी आणि इतर आकारही त्याच प्रमाणात कापले जातात. हातमोजे, सिरिंज, डायपर यांसारख्या वस्तूंचे पैसे बहुतेक वेळा मिळत नाहीत. ही कपात झालेली रक्कम पुढे दाव्यात मागायची असते.

मग मेडिक्लेमने भरलेली रक्कम समोरच्याकडून मिळणार नाही का? मिळते. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५मध्ये सांगितलं की मेडिक्लेमची रक्कम अपघात दाव्यातल्या वैद्यकीय खर्चातून वजा करायची नाही, कारण ती तुम्ही हप्ता भरून केलेल्या करारातून आलेली आहे. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या न्यायाधिकरणांना हा निकाल बांधील आहे. सरकारी योजनेतून झालेल्या उपचाराचं तसं नाही. जे तुमच्या खिशातून गेलंच नाही ते खर्च म्हणून मागू नका.

नोकरीत पगारातून ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कापला जात असेल तर ईएसआय रुग्णालयाचा रस्ता वेगळा आहे. कामावर असताना अपघात झाला असेल तर वकिलाला आधी विचारा, कारण कामगार म्हणून भरपाई आणि मोटार अपघात भरपाई दोन्ही घेता येत नाहीत. एक निवडावी लागते.

आणि एक गैरसमज: गाडीच्या पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, तो मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी. दवाखान्याचं बिल त्यातून निघत नाही.

बिलांची फाइल

दावा उभा राहतो तो या फाइलवर. वैद्यकीय खर्च या सदराखाली न्यायाधिकरण मुख्यतः बिलांवर सिद्ध झालेली रक्कमच देतं. ‘अंदाजे एवढा खर्च आला’ म्हणून मागितलेले पैसे सहसा मिळत नाहीत.

दवाखान्याचं अंतिम बिल तपशीलवार घ्या. ‘पॅकेज १,८०,०००’ एवढ्या एका ओळीच्या बिलावर उलटतपासणीत प्रश्न येतात. खोली किती दिवस, ओटी किती, भूल देणाऱ्याची फी, सर्जनची फी, औषधं, तपासण्या, सगळं वेगळं हवं. बिल आणि पैसे भरल्याची पावती हे दोन निराळे कागद आहेत आणि दोन्ही लागतात. बिलावरून आकारणी कळते, भरणा पावतीवरून. शक्य तेवढे पैसे यूपीआय, कार्ड किंवा चेकने भरा, म्हणजे बँकेचं स्टेटमेंट तिसरा पुरावा होतं.

हाडात प्लेट, रॉड किंवा स्क्रू बसवला असेल तर त्याचं बिल आणि इम्प्लांटच्या डब्यावरचं स्टिकर मागा. स्टिकर बहुधा दवाखान्याच्या आतल्या कागदांवर चिकटवलेलं असतं. त्याची प्रत चालते.

मेडिकलच्या दुकानाचं प्रत्येक बिल त्याच्या चिठ्ठीसोबत ठेवा. चिठ्ठीविना बिल म्हणजे कंपनीच्या वकिलाला आयता मुद्दा. बिलावर पेशंटचं पूर्ण नाव हवं, ‘कॅश’ किंवा ‘सेल्फ’ नको, आणि डॉक्टरचं नावही. थर्मल कागदावरची शाई काही महिन्यांत उडते, तेव्हा त्याच दिवशी झेरॉक्स काढून मूळ बिलाला टाचा. फिजिओथेरपीची पावती तारखांसह घ्या. ‘२० सेशन, १०,०००’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी कमजोर असते. फिजिओथेरपिस्टचा नोंदणी क्रमांक, प्रत्येक भेटीची तारीख आणि सही हवी.

बिलांशिवाय हे कागद ठेवा: डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि सीटी-एमआरआयच्या फिल्म किंवा सीडी अहवालासह, ओपीडीचे सगळे केसपेपर, आणि दवाखान्याच्या आतल्या नोंदी, म्हणजे इनडोअर पेपर. इनडोअर पेपर लेखी अर्ज करून मागा. वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या नियमांप्रमाणे अर्ज केल्यापासून ७२ तासांत त्यांच्या प्रती द्यायच्या असतात. अर्जाच्या स्थळप्रतीवर दवाखान्याचा शिक्का घ्या.

मेडिक्लेममध्ये एक अडचण हमखास येते. कंपनी किंवा टीपीए, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी संस्था, मूळ बिलं ठेवून घेते आणि न्यायाधिकरणात मूळच मागतात. यावर उपाय बिलं पाठवण्याआधीच करायचा: सगळ्याचे दोन रंगीत झेरॉक्स संच काढा, दवाखान्याकडून एका संचावर ‘खरी प्रत’ असा शिक्का मारून घ्या, आणि क्लेम मिटल्यावर कंपनीचं सेटलमेंटचं पत्र ठेवा. त्यात किती मागितले, किती दिले, काय कापलं हे असतं.

बिलाबाहेरचे खर्चही मोजले जातात. दवाखान्यात जायच्या-यायच्या रिक्षा, टॅक्सी, अॅम्ब्युलन्सच्या पावत्या, ओला-उबरची मोबाइलवर आलेली बिलं, ब्युरोकडून ठेवलेल्या मावशींच्या पगाराच्या पावत्या, कमोडची खुर्ची, वॉकर. घरातल्या कोणी रजा काढून सेवा केली असेल तर त्यांच्या कार्यालयाचं रजेचं पत्र. जखमीने स्वतःची साठवलेली रजा वापरली असेल आणि पगार चालू राहिला असेल, तरी रजा खर्ची पडलीच; तिचंही पत्र घ्या.

शेवटी एका कागदावर तक्ता: अनुक्रमांक, तारीख, कोणाचं बिल, बिल नंबर, रक्कम. खाली बेरीज. ही अर्ध्या दिवसाची मेहनत आहे, पण तपासून द्यायला सोपा असा तक्ता समोर आला की कंपनीचे लोकही तडजोडीला लवकर बसतात.

पोलिसांचे कागद

अपघात एका जिल्ह्यात आणि दवाखाना दुसऱ्या, असं असेल तर एमएलसीची खबर दवाखान्याजवळच्या पोलीस ठाण्याला जाते. तिथे जबाब घेऊन गुन्हा शून्य क्रमांकाने नोंदवून अपघाताच्या हद्दीत पाठवायचा असतो. ‘आमच्या हद्दीत नाही’ हे उत्तर चालत नाही. प्रत्यक्षात हे कागद वाटेत रेंगाळतात, म्हणून आठवड्याभरात अपघाताच्या ठाण्यात फोन करून ते पोचले का ते बघा.

जखमी शुद्धीवर नसेल तर नातेवाईक फिर्याद देऊ शकतो. निष्काळजी वाहन चालवण्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली येतो, सोबत दुखापतीसाठी कलम १२५. हाड मोडलं असेल, दात पडला असेल, किंवा १५ दिवस तीव्र वेदना अथवा रोजची कामं न जमणं असेल तर ती ‘जबर दुखापत’ ठरते. हा शब्द पुढे भरपाईतही लागतो, तेव्हा जखम प्रमाणपत्रात तो आला आहे का ते पाहा. फिर्याद द्यायला उशीर झाला तर दावा संपत नाही, पण उशिराचं कारण फिर्यादीतच लिहा: ‘अतिदक्षता विभागात होतो’, ‘सोबत कोणी नव्हतं’.

ठाण्यातून पुढचे कागद गोळा करायचे: एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, जखम प्रमाणपत्र, गाडीचं आरसी, समोरच्याचं लायसन्स, विमा पॉलिसी, आरटीओचा वाहन तपासणी अहवाल आणि नंतर दोषारोपपत्र. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. पंचनाम्यातला नकाशा नीट वाचा. गाड्या रस्त्याच्या कोणत्या बाजूला होत्या हे तिथे चुकलं, तर तुमचीही चूक धरून भरपाई कापली जाऊ शकते.

२०२२पासून तपासी अंमलदारावर आणखी एक जबाबदारी आहे: पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम ५० दिवसांत, सविस्तर ९० दिवसांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला पाठवायचा. हा अहवाल न्यायाधिकरणाने दाव्याचा अर्ज म्हणूनच धरायचा, असं मोटार वाहन कायद्याचं कलम १६६(४) म्हणतं. कागदावर व्यवस्था सुंदर आहे. तिच्या भरवशावर गप्प बसू नका, पण तपासी अंमलदाराला तिची आठवण जरूर करून द्या.

कोणाकडून वसूल करायचं

गाडी सापडली, विमा आहे: हा सरळ रस्ता. कलम १६६ खाली चालक, मालक आणि विमा कंपनी अशा तिघांविरुद्ध दावा. थर्ड पार्टीच्या शारीरिक दुखापतीला पॉलिसीत रकमेची वरची मर्यादा नसते. चालकाकडे लायसन्स नव्हतं म्हणून कंपनी हात झटकू लागली, तरी न्यायाधिकरण अनेकदा ‘आधी तुम्ही जखमीला द्या, मग मालकाकडून वसूल करा’ असा आदेश देतं.

एसटीने धडक दिली असेल तर विमा कंपनी शोधत बसू नका. महामंडळ स्वतःच भरपाई देतं.

विमाच नसेल तर मालकाची मालमत्ता हाच आधार उरतो. पोलिसांनी जप्त केलेली गाडी तारण न घेता सोडली जाऊ नये, यासाठी वकिलामार्फत लगेच हालचाल करा. गाडी एकदा सुटली की पुढच्या निकालाचा कागद फाइलला लावण्यापुरताच उरतो.

तुम्ही मागे बसला होता आणि चूक तुमच्याच दुचाकीस्वाराची होती? त्या गाडीची फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर मागे बसलेल्याची जबाबदारी कंपनी नाकारते. पॅकेज पॉलिसी, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचाही विमा असलेली, असेल तर संरक्षण मिळतं. हा फरक दाव्याआधी पॉलिसीवर वाचून घ्या.

गाडी पळून गेली: कलम १६१ची हिट अँड रन योजना, २०२२पासून जबर दुखापतीला ५०,००० आणि मृत्यूला २ लाख. बिल कितीही असो, रक्कम ठरलेलीच. अर्ज न्यायालयात नाही, उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदाराकडे, ठरलेल्या नमुन्यात. सोबत एफआयआर, वैद्यकीय कागद, ओळखपत्र, बँक पासबुक. मंजुरी जिल्हाधिकारी पातळीवर होते आणि पैसे जनरल इन्शुरन्स कौन्सिलकडून थेट खात्यात येतात. महिन्याभरात गाडीचा पत्ता लागला नाही तर पोलिसांनीच जखमीला या योजनेची माहिती लेखी द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४मध्ये सांगितलं आहे.

रस्त्यावरचा खड्डा किंवा उघडं मॅनहोल कारण असेल, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२५च्या आदेशाने दुखापतीला ५०,००० ते २.५ लाख आणि मृत्यूला ६ लाख भरपाई ठरवली आहे. महापालिका हद्दीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती अर्ज पाहते. खड्ड्याचा फोटो त्याच दिवशी काढा. तक्रार झाली की खड्डा बुजतो, हा त्यातला एकमेव आनंदाचा भाग.

आता सापळा. कलम १६४ खाली चूक सिद्ध न करता जबर दुखापतीला २.५ लाख मिळतात. पटकन मिळणारे पैसे म्हणून लोक हो म्हणतात. पण कंपनीमार्फत ही रक्कम स्वीकारली की कलम १६६चा दावा संपतो. बिलं आणि बुडालेली कमाई मिळून त्याच्या आत बसत असेल तर घ्यायला हरकत नाही. मणका, डोकं किंवा पायाचं मोठं फ्रॅक्चर असेल तर बेरीज केल्याशिवाय सही नको.

दावा दाखल करताना

मुदत: १ एप्रिल २०२२पासून अपघाताच्या तारखेपासून ६ महिने. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान आहे आणि नोव्हेंबर २०२५मध्ये, तोवर मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नका, असा अंतरिम आदेश झाला. तरी सहा महिन्यांच्या आतच दाखल करा. उपचार चालू असले तरी अडत नाही. पुढची बिलं नंतर जोडता येतात.

ठिकाण तुम्ही निवडू शकता: अपघात झाला तिथे, तुम्ही राहता किंवा धंदा करता तिथे, किंवा प्रतिवादी राहतो तिथे. सोलापूरजवळ अपघात झालेल्या डोंबिवलीकराला दर तारखेला सोलापूर गाठायची गरज नाही.

वकिलाची फी आधी लिहून ठरवा. ‘आत्ता काही नको, निकालाचे २० टक्के द्या’ हा करार बार कौन्सिलच्या नियमांना धरून नाही, तरी दवाखान्याच्या दारात कार्ड वाटत फिरणारे दलाल तोच घेऊन येतात. कोऱ्या वकीलपत्रावर, कोऱ्या चेकवर सही नको. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्तींना, तसंच महाराष्ट्रात वार्षिक ३ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

मागणी करताना फक्त बिलावर थांबू नका. सदरं अशी: झालेला वैद्यकीय खर्च, पुढचा वैद्यकीय खर्च, प्रवास, खास आहार, मदतनीस, उपचारकाळात बुडालेली कमाई, कायमच्या अपंगत्वामुळे घटणारी कमाई, वेदना, आणि आयुष्यातल्या गमावलेल्या गोष्टी. कमाईच्या पुराव्यात पगारपत्रकं, अपघाताच्या आधी भरलेली आयकर विवरणपत्रं, बँक स्टेटमेंट. शेतकऱ्यासाठी सातबारा, साखर कारखान्याची ऊसबिलं, डेअरीच्या दुधाच्या पावत्या. अपघातानंतर घाईने भरलेलं विवरणपत्र फायद्यापेक्षा संशय जास्त आणतं. गृहिणीलाही कमाई नाही असं धरलं जात नाही. तिच्या कामाचं मूल्य न्यायाधिकरण ठरवतं.

कमाईतल्या घटीचा हिशेब समजून घ्या. महिना १५,००० कमावणारा, ३२ वर्षांचा, स्वतःचा धंदा असलेला माणूस. भविष्यातल्या वाढीसाठी ४० टक्के मिळवून २१,०००. वर्षाचे २,५२,०००. वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचं तो, वयानुसार ठरलेला गुणक या वयाला १६, म्हणजे ४०,३२,०००. कमाईची क्षमता २० टक्के घटली असेल तर ८,०६,४००. यात वाद होतो तो २० या आकड्यावर. सिव्हिल सर्जनच्या दाखल्यावर ‘उजवा पाय ४० टक्के’ असेल, तर ते एका अवयवाचं अपंगत्व आहे, कमाईचं नाही. टेबलावर काम करणाऱ्या कारकुनाची कमाई त्याने कमी घटेल, गवंड्याची जवळजवळ पूर्ण जाऊ शकते. म्हणून दाखला देणाऱ्या किंवा उपचार करणाऱ्या डॉक्टरची साक्ष लागते, आणि तुम्ही नेमकं काय काम करत होता त्याचा पुरावाही.

बिलांना न्यायालयात निशाणी क्रमांक, म्हणजे पुरावा म्हणून नोंद झाल्याचा नंबर, पडला पाहिजे. कंपनीने हरकत घेतली तर दवाखान्याच्या बिलिंग कारकुनाला आणि औषध दुकानदाराला साक्षीला बोलवावं लागतं. लहान दुकान मधल्या काळात बंद झालं असेल तर पंचाईत होते; बिलं मोठी असतील तर शिक्का आणि सही आधीच घेऊन ठेवा.

मधल्या काळात कंपनीकडून तडजोडीचा प्रस्ताव किंवा लोक अदालतीची नोटीस येते. लोक अदालतीतल्या निवाड्यावर अपील नाही, पैसे मात्र लवकर मिळतात. रक्कम ऐकताना व्याज विसरू नका: दावा लढवला तर दाखल केल्यापासूनचं व्याज मिळतं, तडजोडीच्या ठोक आकड्यात ते गिळलं जातं. निवाड्यानंतर ३० दिवसांत कंपनीने पैसे भरायचे असतात. खातं जखमीच्या स्वतःच्या नावावर हवं, पासबुकाची प्रत दाव्यासोबतच द्या. वाद १ लाखाच्या आतला असेल तर निवाड्याविरुद्ध अपील होत नाही, तेव्हा छोट्या दाव्यात पहिल्याच फेरीत सगळे कागद लावा.

आणि पुढचा खर्च. पायातली प्लेट किंवा रॉड पुढे काढायची असेल तर ती दुसरी शस्त्रक्रिया, दुसरं बिल. निवाडा झाल्यावर दावा पुन्हा उघडून ते मागता येत नाही. सर्जनकडून लेटरहेडवर पत्र घ्या: कोणती शस्त्रक्रिया, साधारण कधी, दवाखान्यात किती दिवस, अंदाजे खर्च किती, खाली सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक. साक्ष नोंदवायच्या तारखेआधी ते पत्र वकिलाच्या फाइलमध्ये लागलं आहे का, ते स्वतः जाऊन बघा.